रविवारचं बिरडं शुक्रवारी भिजतं

सुट्टीचा दिवस म्हणजे काही न करण्याचा दिवस, ही समजूत वालाचं बिरडं करणाऱ्या घरात टिकत नाही. रविवारी दुपारी एकच्या पानात बिरडं हवं असेल तर कडवे वाल शुक्रवारी रात्रीच पाण्यात पडावे लागतात. शनिवारी सकाळी दाणे टम्म फुगलेले असतात. ते पाणी कडवट, ते ओतून द्यायचं, वाल दोन-तीनदा धुऊन पंच्यात घट्ट बांधायचे आणि गाठोडं चाळणीत ठेवून वर झाकण घालायचं. मुंबईच्या किंवा अलिबागच्या दमट हवेत रविवार उजाडेपर्यंत मोड कापडातून डोकावू लागतात. पुण्याच्या डिसेंबरात तेच गाठोडं उबेला ठेवूनही आणखी एखादा दिवस मागतं. मग मोडाचे वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा सोलायचा. त्यानंतरची फोडणी, गूळ, आमसूल आणि ओलं खोबरं हे सगळं जेमतेम अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासाच्या स्वयंपाकासाठी दीड दिवसाची तयारी हे गणित व्यवहारी माणसाला वेडेपणाचं वाटेल. माझं म्हणणं असं, की कुटुंबाचा रविवार निवांत होतो तो या वेडेपणासारख्या कामांमुळे. काम नसल्यामुळे नव्हे.

त्यासाठी सोलण्याचं काम जवळून पाहायला हवं. मधोमध परात, तिच्यात कोमट पाणी, पाण्यात वाल. भिजून सैल झालेला दाणा चिमटीत धरून हलकेच दाबला की सालीतून सुळकन निसटतो. जोर जास्त झाला तर त्याच्या दोन फाका होतात. त्याही उसळीत चालतात, फक्त सोलणाऱ्याला आपला हात जड पडल्याचं कळतं. मधूनच एखादा गणंग लागतो, रात्रभर पाण्यात राहूनही गोटीसारखा टणक. तो बाजूला टाकायचा. सालं एका ताटलीत, डाळिंब्या दुसऱ्या पातेल्यात. यात शिकण्यासारखं जे आहे ते पहिल्या दहा दाण्यांत शिकून होतं. सहा वर्षांच्या नातीला जमतं आणि ऐंशीच्या आजोबांना दिसत नसलं तरी बोटांना कळतं. रविवारच्या दुसऱ्या कामांशी ताडून पाहा. मटणाच्या पातेल्याजवळ एकच जाणकार असतो, बाकीचे वासावर असतात. माळा आवरायला काढला की एक जण हुकूम सोडतो आणि बाकीचे वैतागतात. टीव्हीसमोर सगळे असतात, पण सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. परातीभोवती मात्र माणसं गोल बसतात, हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. नजर दाण्यावर असल्यामुळे एकमेकांच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही, म्हणून समोरासमोर बसून काढायला अवघड वाटणारा विषयही इथे सहज निघतो आणि नको वाटला तर तितक्याच सहज विरतो. गप्प बसलेल्या माणसाला ‘काय झालं?’ असं कुणी विचारत नाही, कारण तो सोलत असतो. शिवाय ओल्या बोटांनी मोबाइल हाताळता येत नाही. घरोघरी मोबाइलबंदीचे जे निष्फळ नियम होतात, त्यापेक्षा हे पाणी परिणामकारक आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: मुंबई-पुण्याच्या बाजारात सोललेल्या डाळिंब्या तयार मिळतात, मग हा खटाटोप कशाला? मंगळवारी ऑफिसातून आल्यावर त्या जरूर आणाव्यात. त्या सोलणारेही कुणाचे तरी हातच असतात आणि त्या हातांना त्याचे पैसे मिळतात, यात वाईट काही नाही. चवीचा मुद्दाही मी फार ताणणार नाही, तो प्रत्येकाच्या जिभेचा प्रश्न. पण तयार डाळिंब्यांनी वाचवलेला तास रविवारी कुठे जातो हे पाहण्यासारखं आहे. तो एकत्र शिल्लक राहत नाही. घरात चार माणसं असतील तर त्याचे चार तुकडे होऊन चार खोल्यांत जातात. रिकामा वेळ वाटला जातो, कामाला मात्र एक जागा लागते. वर्षभराच्या पापड-कुरडयांना, दिवाळीच्या करंज्यांना हेच लागू होतं. पण ती कामं मोठी, दमवणारी आणि ठरावीक दिवसांची. पाव किलो वाल कोणत्याही रविवारी सोलून होतात आणि काम संपलं हे डोळ्यांना दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो बाजूला सारून रविवारचं गुणगान करणं अप्रामाणिक ठरेल. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी केलेल्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. गिरणीचा भोंगा रविवारी थांबला, चूल थांबली नाही. उलट सगळे घरी म्हटल्यावर चुलीचं काम वाढलं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले, स्त्रिया मात्र एक्क्याऐंशी. असं असताना ‘कामामुळे रविवार निवांत होतो’ हे म्हणणं म्हणजे एकीच्या कष्टावर दुसऱ्यांनी गप्पा मारण्याचं समर्थन नव्हे काय?

ती एकटी ओट्याशी उभी राहून सोलत असेल, तर होय. पण सोलणं हे घरकामातलं वाटून घ्यायला सर्वांत सोपं काम आहे. त्याला कसब लागत नाही, की उभं राहावं लागत नाही. ‘मला जमत नाही’ ही सबब इथे चालत नाही. खरा पेच त्याच्या आधी आहे. बिरड्यातलं सर्वांत जड काम सोलण्याचं नाहीच, आठवण ठेवण्याचं आहे. शुक्रवारी रात्री सगळे दमून आडवे होत असताना ‘परवा बिरडं करायचंय’ हे कुणाच्या तरी डोक्यात असावं लागतं. शनिवारी सकाळी पाणी ओतून वाल बांधायचे, उकाड्यात वालांना आंबूस वास सुटत नाही ना हे पाहायचं, गूळ संपलेला नाही हे तपासायचं. या कामाला मिनिटं फार लागत नाहीत, म्हणून कोणत्याही तक्त्यात ते नीट उतरत नाही; पण शुक्रवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत ते डोक्यात चालूच असतं. परातीभोवती बसून अर्धा तास डाळिंब्या सोलल्या की आपण घरकामात वाटा उचलला, असं समजणाऱ्या पुरुषांनी हा हिशेब मांडून पाहावा. ते रविवारच्या कामात आले, शुक्रवारच्या कामात नाही.

रायगडात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वालाचं पीक येतं, आणि त्याच पट्ट्यातल्या कायस्थ प्रभू घरांत श्रावणी सोमवारच्या पानात बिरडं लागतं. पुण्याकडच्या पंगतीत तीच डाळिंब्यांची उसळ होते. वालाशी ओळख जुनी असल्यामुळे बारीकसारीक शहाणपणही बरंच साचलेलं आहे. उसळ शिजताना डाव घालून ढवळायची नाही, पातेलंच हलकं हिंदकळायचं, नाहीतर डाळिंब्या मोडतात. झाकणावर पाणी ठेवायचं आणि लागेल तसं तेच आत घालायचं. गूळ-आमसूल डाळिंबी मऊ झाल्यावरच, कारण आंबट आधी पडलं तर ती शिजता शिजत नाही. हे सगळं सांगणारी माणसं घरात असतात, पण सांगतात ती परातीजवळ बसल्यावर.

चार माणसांना वाटीभर कडवे वाल पुरतात. येत्या शुक्रवारी रात्री ते त्याने भिजत घालावेत, ज्याला आजवर वालाचा डबा कुठल्या फळीवर असतो हे विचारावं लागलं आहे. थंडीचे दिवस असतील तर गुरुवारी रात्रीच.