चिऱ्यावर गाडी ठेवू नका

बेळगावहून रामनगर-अनमोडमार्गे गोव्याकडे किंवा अणशी घाटाने कारवारकडे जुनी स्पोर्ट्स कार हौसेने काढणाऱ्यांनी जोयडा तालुक्यात गाडी जॅकवर घेण्याआधी जमीन बघावी. इथली तांबडी जांभी माती मे महिन्यात कुदळीला दाद देत नाही. जुलैत पाणी मुरलं की तीच दबते. एका कोपऱ्याचे 300 किलो 10 सेंमी चौरस बुडाच्या जॅकवर आले, तर दर चौरस सेंटिमीटरला 3 किलो. खाली 40 सेंमी चौरस जाड फळी टाका, तेवढाच भार 200 ग्रॅमच्या आत येतो.

ट्रॉली जॅकचं दुखणं निराळं. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत फिरतो. म्हणून गाडी चढताना जॅकने स्वतःच्या चाकांवर सरकायला हवं. चाकं रुतली, तर गाडीला टेकलेली वाटी घसरते, नाहीतर गाडीच ओढली जाते.

जॅकच्या आत पास्कलचा नियम काम करतो: 1 सेंमी व्यासाच्या दट्ट्याचा जोर 3 सेंमीच्या दट्ट्यावर नऊपट होतो. पण तो सगळा भार सीलच्या भरवशावर. सील झिजलं की तेल पाझरतं आणि गाडी खाली येते. म्हणून गाडीखाली शिरण्याआधी लोखंडी घोडी लावायचीच.

घोडी नसते, जांभ्या दगडाचे चिरे मात्र इथे घरोघरी रचलेले. हिशेबही फसवा: मानकानुसार चिऱ्याने दर चौरस सेंटिमीटरला निदान 35 किलो पेलायला हवेत. भिंतीत तो पेलतोही, कारण भार सगळ्या पृष्ठावर पसरतो. चॅसीची कड मात्र जेमतेम 2 चौरस सेंटिमीटरवर टेकते. म्हणजे त्याच 300 किलोंचे दर चौरस सेंटिमीटरला 150 किलो! त्यातून चिरा सच्छिद्र, भिजला की आणखी कमजोर. फुटताना तो आगाऊ सूचना देत नाही. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची तीच गत.

जॅक कुठे टेकवायचा? गोव्यातल्या सॅन मोटर्सच्या दोन आसनी सॅन स्टॉर्मचं अंग फायबरग्लासचं. तिथे जॅक लावला तर अंग तडकणार, गाडी उचलणार नाही. चॅसीच शोधावी. जुन्या पत्र्याच्या गाड्यांत दाराखालची पट्टी आधी ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर आतून गंजलेली समजा.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचललीत की तो असून नसल्यासारखा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा हव्यात.