दाबाची मात्रा

मोटारीला ताकद मिळते ती पेट्रोलच्या भडक्यातून, हे आपण शाळेत शिकतो. पण भडक्याआधी पिस्टन वर येऊन पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. पिस्टन खाली असताना सिलिंडरात जेवढी जागा असते, ती तो वर आल्यावर एक दशांश उरली, तर त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन दहा. हा आकडा किती असावा आणि त्यासाठी पिस्टन कोणता घ्यावा, याबद्दल आज बोलायचं आहे.

हा प्रश्न अमेरिकेतल्या एका जुन्या हौसेतून येतो. जुनी शेवरोले किंवा फोर्ड घ्यायची, इंजिन उघडून स्वतः बांधायचं, आठवडाभर त्याच गाडीने कामावर जायचं आणि सुट्टीच्या दिवशी ती ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ धावपट्टीवर पळवायची. तरुणांनी भररस्त्यात शर्यती लावू नयेत, धावपट्टीवर याव्यात, या विचाराने वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. असं इंजिन दोन घरचा पाहुणा असतं. धावपट्टीवर त्याने जोर दाखवायचा आणि सोमवारी सकाळी सिग्नलला निमूटपणे उभं राहायचं.

शेवरोलेचं साडेतीनशे घनइंचांचं इंजिन घेऊ. सिलिंडर आठ. एका सिलिंडरात पिस्टन साधारण ७१७ सीसी जागा व्यापतो. कॉम्प्रेशन नऊ हवं असेल तर वर ९० सीसी जागा उरली पाहिजे, दहा हवं असेल तर ८०. फरक दहा सीसीचा, म्हणजे चहाचे दोन चमचे. या दोन चमच्यांनी ताकद वाढते ती जेमतेम तीन-चार टक्के. जोखीम मात्र त्या मानाने फार वाढते.

घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की इंजिनातून खडखड ऐकू येते, ती अनेकांच्या ओळखीची असेल. गॅरेजवाले तिला नॉकिंग म्हणतात. प्लगच्या ठिणगीपासून आग शिस्तीत पसरायला हवी. दाब आणि उष्णता अती झाली, तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आग पोचण्याआधीच आपोआप पेटतं. तो हातोड्याचा घाव पिस्टनच्या माथ्यावर बसतो. रिंगांमधल्या कडा तुटतात, कधी माथ्याला भोकही पडतं.

हा घाव टाळण्याची पेट्रोलची कुवत म्हणजे ऑक्टेन. १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळलं की शिशाचं एक संयुग पेट्रोलमध्ये घातलं तर नॉकिंग थांबतं. त्यानंतर इंजिनांचा दाब वाढत गेला. १९७० च्या कॉर्व्हेटमधल्या एलटी-१ इंजिनाचं कॉम्प्रेशन अकरा होतं. पण ते शिसं धुरातून मुलांच्या रक्तात जात होतं. कमी शिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून १९७१ मध्ये तेच इंजिन नऊवर आलं. मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथेही ते २०२१ मध्ये बंद झालं. म्हणून जुन्या पुस्तकातला अकराचा आकडा आजच्या पंपावरच्या पेट्रोलला लावू नये.

मग आकडा कसा ठरवायचा? आधी आपल्याला रोज मिळणारं पेट्रोल पाहायचं. मग इंजिनाचं हेड. अमेरिकेतल्या चांगल्या पंपाच्या पेट्रोलवर बिडाचं हेड असेल तर नऊ ते साडेनऊ आणि ॲल्युमिनियमचं असेल तर दहा-साडेदहा, असा ढोबळ अंदाज धरतात. कारण ॲल्युमिनियम उष्णता लवकर ओढून घेतं. त्यानंतर कॅमशाफ्ट. शर्यतीचा कॅम व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, तेवढा दाब निसटतो. त्याला थोडा मोठा आकडा चालतो. साध्या कॅमला चालत नाही.

पिस्टनचा आकार यानंतर. घुमटासारखा माथा दाब वाढवतो, पण आगीच्या वाटेत आडवा येतो. सपाट माथा आणि हेडमध्ये लहान पोकळी, ही जोडी बरी. सपाट भाग वर येताना हेडपासून सुमारे एक मिलिमीटरवर थांबला, तर कडेचं मिश्रण मध्यावर ढकललं जातं, नीट ढवळलं जातं आणि नॉकिंग कमी होतं. काही जण दाब कमी करायला जाड गॅस्केट घालतात. आकडा उतरतो, पण हे अंतर वाढतं आणि खडखड कधी आणखी वाढते. त्यापेक्षा मध्ये खोलगट आणि कडेला सपाट असा पिस्टन घ्यावा.

धातूचंही तसंच. साधा ओतीव पिस्टन स्वस्त, पण ठिसूळ. जास्त सिलिकॉनचा ओतीव पिस्टन कमी फुगतो, इंजिन शांत चालतं. नॉकिंगचा मार मात्र तोही फारसा सोसत नाही. घडीव पिस्टन मार सोसतो, पण गरम झाल्यावर जास्त फुगतो म्हणून सैल बसवावा लागतो आणि सकाळी थंड इंजिनात वाजतो. नायट्रस किंवा टर्बो लावायचा असेल, तर घडीवच घ्यावा.

आजच्या काही नव्या गाड्यांचं कॉम्प्रेशन तेरा-चौदा असतं. त्यांच्यात नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो आणि ते ऐकू येताच संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो. कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनाला असे कान नसतात. त्याच्या वतीने आपणच आधी विचार करायचा असतो.

आपल्याकडेही मुलं मोटारसायकलचं हेड घासून दाब वाढवतात. घासलेला धातू परत येत नाही. हेड लेथवर चढवण्यापूर्वी स्वतःला खरं विचारावं, ही गाडी वर्षातले किती दिवस शर्यतीत पळणार आणि किती दिवस मला घरी आणणार? गझलेत एक मात्रा वाढली तर ओळ लंगडते, पण ती खोडता येते. पिस्टनला पडलेलं भोक खोडता येत नाही. त्यामुळे शंका असेल, तेव्हा अर्धा आकडा कमीच ठेवावा.