मैफलीला जाताना

डिसेंबर जवळ आला की पुण्यातील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, यंदा सवाईला जाऊ का?" विचारणारे सत्तरीच्या पुढचे असतात आणि बहुधा त्यांच्या पाठीमागे उभी असलेली मुलगी किंवा सून मला डोळ्यांनीच 'नको' म्हणून खुणावत असते. प्रकृती स्थिर असेल, तर मी 'अवश्य जा' असेच सांगतो.

पं. भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवाबरोबर पुण्यातील एक अख्खी पिढी म्हातारी झाली आहे. रमणबागेच्या मैदानावर शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसलेली मंडळी आज गुडघे धरून माझ्यासमोर बसतात. ध्वनिक्षेपकांवरील वेळेच्या निर्बंधांमुळे रात्रभराच्या मैफली सरल्या. उत्तररात्रीचे राग ऐकण्याचा योग त्यामुळे दुर्मीळ झाला, याची रसिकांना हळहळ वाटते. वैद्यक म्हणून मला मात्र त्या निर्बंधाचे फारसे दुःख नाही.

घरबसल्या हवे ते गाणे ऐकता येत असताना हा खटाटोप कशासाठी, असे मुले विचारतात. घरात आजोबा 'पेशंट' असतात. जपून चाला, गोळी घेतली का, पंखा बंद करू का, हेच त्यांच्या कानी पडते. मैफलीत तेच आजोबा जाणकार होतात. तबलजी समेवर येताना त्यांची मान बरोबर त्या मात्रेवर हलते, शेजारचा अनोळखी श्रोता दाद देत त्यांच्याकडे पाहतो आणि मध्यंतरात कोणी तरुण त्यांना रागाचे नाव विचारतो. ही प्रतिष्ठा कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

इंग्लंडमधील पन्नाशीच्या पुढील सहा हजारांहून अधिक लोकांचा सुमारे १४ वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. संगीत-नाटकाचे कार्यक्रम, कलादालने, संग्रहालये यांना दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. यावरून गाण्याने आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही. जे मुळात धडधाकट, तेच अधिक बाहेर पडतात, हेही खरे. तरीही बाहेर पडणे सुटले की माणूस खचत जातो, हे मी रोज पाहतो.

आणि ते का सुटते? हृदयविकार, मधुमेह ही सांगण्याची कारणे झाली. खरे कारण पुष्कळदा स्वच्छतागृहाचे असते. संकोचापोटी ते कोणी बोलत नाही. त्या दिवशी काहीजण लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात, काहीजण दुपारपासून पाणीच पीत नाहीत. मग उठताना चक्कर येते आणि 'म्हणून सांगत होतो, जाऊ नका' असे ऐकावे लागते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. लघवी वारंवार होणे किंवा न आवरणे यांवर बहुधा उपाय असतात. त्यासाठी मैफल सोडण्याचे कारण नाही. कडेची खुर्ची धरावी, म्हणजे कोणाचे पाय न ओलांडता उठता येते. भारतीय बैठकीचा मोह गुडघे बदललेल्यांनी आवरावा. दोन कलाकारांच्या मधल्या वेळात चार पावले चालावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि साखरेची पुडी खिशात ठेवावी.

श्रवणयंत्राविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण कित्येकांचे गाणे यंत्र मिळाल्यावर सुटले आहे. ही यंत्रे मुख्यतः बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून जुळवलेली असतात. तानपुऱ्याचा अखंड स्वर यंत्राला कधी कधी स्वतःचीच शिट्टी वाटते. तो दाबण्याच्या धडपडीत सूर थरथरतो, चिरकतो. आजी म्हणतात, "गायकाचा आवाज बसलाय!" अनेक आधुनिक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळवणी करता येते. ती मागून घ्यावी लागते, एवढेच. ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर मात्र कोणीच बसू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही, गर्दीने ते गोंधळत नसतील तर, अवश्य न्यावे. नातवाचे नाव विसरलेल्यांनाही जुनी बंदिश पुष्कळदा आठवते. मोठ्या मंडपापेक्षा गल्लीतल्या सभागृहातील तासाभराची सकाळची मैफल त्यांना अधिक मानवते.

सोबत जाणाऱ्यांना एक विनंती. पूर्ण कार्यक्रम ऐकलाच पाहिजे असा हट्ट नको. एक कलाकार ऐकून परतले तरी मैफल झालीच. आणि विलंबित ख्याल रंगात आला असताना "बाबा, बरं वाटतंय ना?" असे दर दहा मिनिटांनी विचारू नये. मध्यंतरात विचारावे.