राणीच्या मुकुटावरची कडी

कल्याणकडून येणारा रस्ता शीळफाट्याला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो. तिथल्या ट्रकांच्या घरघरीत, एका छोट्याशा सोनाराच्या दुकानात आजीची रुपयांची माळ घेऊन गेले होते. बारा नाणी, सगळी राणीछाप. त्यातल्या एकाचा लेकीला साडीवर लावायला ब्रोच हवा होता.

सोनारदादांनी माळ आधी तोलली नाही, मोजली. "बारा रुपये, म्हणजे बारा तोळे." त्यांचं खरं होतं. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. घडवलेल्या दागिन्यातली भेसळ ओळखायला पारखी नजर लागते, रुपयावर मात्र टाकसाळीचीच साक्ष. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपली शिल्लक बोटांवर मोजता यायची. अडीनडीला एक नाणं सोडवायचं आणि माळ पुन्हा ओवायची. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये तो निकेलचा झाला. मग अशा माळांत नव्या रुपयाची भर घालण्यात अर्थ उरला नाही.

नंतर माळ काट्यावर ठेवली, तर बारा तोळ्यांना थोडी कमी भरली. ती तूट आजीच्या गळ्यावर झिजली होती.

सोन्यातली पुतळ्यांची माळ आपल्या ओळखीची. तिचं मूळ व्हेनिसच्या डुकाट या नाण्यात आहे. 1284 पासून पाडलेल्या त्या नाण्यावरच्या मानवाकृती आपल्याकडे 'पुतळ्या' झाल्या. इंग्लंडमध्ये अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात एडवर्ड द कन्फेसर राजाच्या चांदीच्या पेनीचे ब्रोच होत. मागे पिन जोडायची ती बहुधा राजाच्या तोंडावर, आणि क्रुसाच्या बाजूला सोन्याचा मुलामा देऊन ती बाहेर मिरवायची. त्याच सुमारास, 1060 मध्ये, इथून जवळच अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहत होतं. राजा आत आणि श्रद्धा बाहेर ठेवणारी ती माणसं मला परकी वाटत नाहीत.

नाणी जमवणारे डाख लागलेलं नाणं बाद धरतात. मला ते पटत नाही. राणीच्या मुकुटावर कडीपाशी टाकणखार लावून, फुंकणीने आच देऊन बसवलेला डाखाचा काळसर थेंब अजून दिसतो. त्या दिवशी हा रुपया बाजारातून उठून घरात आला. एरवी तो कधीच वितळला असता.

तरी नव्याने डाख देऊ नका, असं मीच म्हटलं. सोनारदादांनी नाण्याभोवती चांदीची कड घडवली, तिला बारीक नख्या केल्या आणि बिजागरी, काटा, आकडा सगळं त्या कडेलाच जोडलं. नाणं शेवटी बसवलं, त्याला आच लागली नाही. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतल्यावर त्यांनी विचारलं, "कुठली बाजू वर?"

लेकीने दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला. राणीचा चेहरा ठसठशीत होता. सनाची बाजू गळ्याशी असायची. तिच्यावरची फुलापानांची वेल पुसट झालेली, 1862 मधला दोन जेमतेम कळणारा.

"ही," ती म्हणाली, "पणजीला लागलेली."