बिबट्या, मौत का कुआँ आणि संकेश्वरी मिरची

५ ऑगस्ट २०२२ ला बेळगावच्या जाधवनगरात बिबट्यानं एका बांधकाम मजुरावर झडप घातली. पुढे तो गोल्फ मैदानाच्या झाडीत दडला, आणि आसपासच्या २२ शाळांना सुट्टी द्यावी लागली. पिंजरे लागले, कॅमेरे लागले, ड्रोन उडाले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्तीसुद्धा आणले.

त्या दिवसांत रात्री कचरा टाकायला जाणं म्हणजे मोहीमच. एकदा कंपाउंडच्या भिंतीवर काहीतरी हललं. मी पायरीवरच थिजलो. तोंड कोरडं, अंगावर काटा, बादलीची कडी मुठीत घट्ट. मग म्यांव ऐकू आलं. मांजर निघून गेलं तरी छाती धडधडतच होती.

मांजर आहे हे कळल्यावरही का? कारण धोक्याची वर्दी मेंदूत दोन वाटांनी जाते. जोसेफ लडू यांनी उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. हमरस्ता लांबचा, नीट पारख करणारा. आडवाट थेट अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या गाठीपाशी पोचते. तिथली बातमी धूसर, पण झटपट. आडवाटेनं आरोळी ठोकली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. ते काही मिनिटांत ओसरतं, पण मागाहून येणारं कॉर्टिसॉल सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. लडू तर म्हणतात, या धावपळीला भीती म्हणूच नका. ही शरीराची बचावाची तयारी. भीती म्हणजे जाणिवेनं तिचा लावलेला अर्थ.

हे पटतं ते जत्रेत. मौत का कुआँच्या कठड्याला रेलून उभं राहावं. मोटरसायकल वर चढत येते, फळ्या पायाखाली थरथरतात, पेट्रोलचा वास नाकात बसतो, आणि स्वार हँडल सोडून तुमच्या हातातली दहाची नोट ओढून नेतो. धडधड तीच, बिबट्याच्या वेळची. इथं मात्र आपण तिकीट काढून आलेलो असतो आणि खाली उतरायचा जिना दिसत असतो.

डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी भूतघरात शिरणाऱ्या ११० जणांच्या छातीचे ठोके मोजले. २०२० साली छापलेला त्यांचा आलेख टेकडीसारखा होता: भीती फार कमी तर मजा नाही, फार जास्त तरी नाही. गंमत मधल्या माथ्यावर.

आपल्याकडे हा माथा जेवणाच्या ताटातही सापडतो. संकेश्वरी मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चिकटतं, तो एरवी सुमारे ४३ अंशांच्या वर तापलं की बोंब मारतो. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. जिभेला वाटतं आग लागली. लागलेली काहीच नसते. नाक-डोळे पुसत आपण रश्श्याची वाटी पुन्हा पुढे करतो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी भयपट आणि तिखट एकाच पंगतीत बसवले: शरीर घाबरतं, मनाला ठाऊक असतं की काही होणार नाही, आणि या फसवणुकीतच चव.

बिबट्याच्या त्या दिवसांत बंद शाळांच्या पोरांना भीतीची अशी चव घेणं सोपं गेलं असावं. सुट्टी होती, मोबाईलवर बिबट्याचे विनोद होते. आम्हा मोठ्यांचं घोडं अडलं ते म्यांवपाशी. शोध थांबला तेव्हाही बिबट्या सापडलेला नव्हता. गोल्फ मैदानाच्या कडेनं रात्री जाताना माझी स्कूटर अजून जरा जोरातच पळते.