चार इंचांचं पोलाद

जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा पेनसिल्व्हेनियातला चांभारकाम करणारा कारागीर. उंची जेमतेम सव्वापाच फूट, अंगलट किरकोळ, छातीचं दुखणं कायमचं मागे लागलेलं. १८८३ साली, साठी उलटल्यावर, न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरांतल्या तळ्यांमधून आणि नद्यांमधून त्याने एकट्याने २६६ मैलांची सफर केली. दोन तळ्यांमधली वाट होडी खांद्यावर घेऊन तुडवावी लागे. म्हणून जे. हेन्री रश्टन या होडीबांधणाऱ्याकडून त्याने नऊ फुटी होडी करवून घेतली होती. तिचं वजन होतं साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलो.

वजनाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा माणूस ‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहीत असे. १८८४ साली त्याचं ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आलं. रानात न्यायच्या धारदार वस्तू त्याने तीनच सांगितल्या: छोटी दुधारी कुऱ्हाड, खिशातला मिटता चाकू आणि कमरेला पातळ पात्याची, न मिटणारी सुरी. दुकानांत ‘शिकारी चाकू’ म्हणून विकली जाणारी जाडजूड हत्यारं दिसायला भयंकर आणि कामाला निरुपयोगी, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

ही जाडजूड हत्यारं आली कुठून? १८२७ साली मिसिसिपी नदीच्या वाळवंटात झालेल्या एका हाणामारीत जिम बोवी या अमेरिकी लढवय्याचा मोठा सुरा गाजला. १८३६ मध्ये तो टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत पडला आणि त्याच्या सुऱ्याची दंतकथा झाली. पुढे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारखान्यांनी असे सुरे अमेरिकेत भरभरून पाठवले. मुठीपुढची आडवी दांडी, लांब पातं, वजनदार मूठ ही सगळी रचना माणसाशी लढण्याची आहे. शिकारीच्या आणि भटकंतीच्या सामानात ती केवळ रुबाबामुळे शिरली. हलकी सुरी निवडायची म्हणजे आधी हा रुबाब बाजूला काढायचा.

कामाची वाटणी

ज्या लोकांचं पोट रानावर चालत होतं, त्यांनी तोडण्याचं आणि कापण्याचं काम एकाच हत्यारावर सहसा लादलं नाही. १९९१ साली आल्प्समधल्या बर्फात सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ‘ओट्झी’ पाहा. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती आणि गारगोटीच्या पात्याची एक सुरी. ही सुरी मुठीसकट जेमतेम १३ सेंटिमीटरची, मूठ अॅश लाकडाची, म्यान झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेलं. उत्तर स्कँडिनेव्हियातले सामी लोक फांद्या तोडायला वीतभर किंवा त्याहून लांब पात्याचा ‘लेउकु’ बाळगतात आणि बारीक कामाला वेगळी छोटी सुरी. आपल्याकडेही जंगलवाट दाखवणाऱ्या गावकऱ्याच्या कमरेला कोयता असतो, पण कांदा कापायला तो कुणी काढत नाही.

लहान सुरीचं सर्वांत घोटीव रूप फिनलंडच्या ‘पुक्को’त दिसतं. पात्याची लांबी साधारण मुठीएवढी किंवा त्याहून कमी. पाठ सरळ, आडवी दांडी नाही, मूठ बर्चच्या लाकडाची किंवा सालीची. पात्याचं पोलाद अरुंद होत मुठीच्या पोटात शिरतं, बाहेर उघडं राहत नाही. शून्याखाली वीस-तीस अंशांच्या थंडीत उघडं पोलाद हाताला चटका देतं. लाकूड आणि साल देत नाही. वजन कमी होतं ते वेगळंच.

स्वीडनमध्ये हीच परंपरा मोरा गावाजवळच्या ओस्टनोरमध्ये कारखान्यात उतरली. फ्रॉस्ट-एरिक एरसन अमेरिकेत काही वर्षं लाकूडतोडीचं काम करून परतला आणि १८९१ साली त्याने ओंडके वाहण्याच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. सुऱ्या हा तिथला जोडधंदा होता. पुढे तोच मुख्य झाला. १९१२ साली गावात के. जे. एरिकसन यांचा दुसरा कारखाना उभा राहिला आणि २००५ मध्ये दोन्ही एक झाले. आजची ‘मोराक्नीव’ ती हीच. त्यांच्या ‘कम्पॅनियन’ या साध्या सुरीचं पातं सुमारे १०४ मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड आहे. प्लास्टिकच्या म्यानासकट तिचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत राहतं. सुतार, मासेमार, शिकारी आणि पदभ्रमण करणारे, सगळे ती वापरतात.

वजन येतं कुठून

पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम. दहा सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड पट्टीचं वजन भरतं सुमारे ४९ ग्रॅम. जाडी पाच मिलिमीटर केली की तेच ९८ ग्रॅम. मुठीच्या पूर्ण आकाराची, अकरा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद पाच मिलिमीटरची पट्टी आणखी ८५ ग्रॅमच्या आसपास भर घालते. तिच्याऐवजी अरुंद पट्टी मुठीत रोवली तर वीसेक ग्रॅममध्ये भागतं. म्हणजे सुरी जड होते ती मुख्यतः जाडीमुळे आणि मुठीतल्या पोलादामुळे; लांबी दोन सेंटिमीटरने कमी करून फारसं साधत नाही.

जाड पात्याचे समर्थक म्हणतात की लाकडावर ठेवून वरून ठोकायचं झालं तर पातळ सुरी मोडेल. बोटभर जाडीची फाटी पातळ सुरीही फोडते. त्याहून जाड लाकूड हे कुऱ्हाडीचं काम. शिवाय जाड पातं पाचरीसारखं वागतं: गाजर कापताना ते चिरत नाही, दुभंगवतं. दिवसभरात सुरी जी कामं करते, म्हणजे दोरी, भाकरी-भाजी, चिकटपट्टीचा तुकडा, शेकोटीसाठी काढायच्या लाकडाच्या साली, त्या सगळ्यांत पातळ पातंच सरस ठरतं.

शिकाऱ्याचं काम तर आणखी नाजूक. स्वीडन-फिनलंडमध्ये मूस (मोठ्या जातीचं हरीण) आणि उत्तर अमेरिकेत हरीण परवान्याने मारल्यावर पहिली घाई असते ती आतडी-कोठा बाहेर काढून धूड थंड करण्याची. आतली ऊब राहिली तर मांस नासतं. पोटाची कातडी उघडताना टोक आत घुसून कोठा फुटला तरी मांस बिघडतं. म्हणून शिकारी तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवून टोक बोटाच्या अंदाजाने चालवतो. पातं वीतभर असेल तर टोक बोटाच्या पलीकडे, नजरेआड जातं. होरेस केफर्टने १९०६ च्या ‘द बुक ऑफ कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट’मध्ये शिकारीच्या सुरीला चार-पाच इंचांचं पातं पुरेसं मानलं होतं. पुढे कॅलिफोर्नियातला कारागीर बॉब लव्हलेस याने पात्याची पाठ टोकाकडे हलकेच उतरवून टोक खाली आणलं आणि हा घाट शिकारी सुऱ्यांत रूढ केला. असं टोक कातडीखालून सरकतं, आत रुतत नाही.

पोलाद आणि धार

जाहिरातींचा सगळा भर पोलादाच्या नावावर असतो. खरेदी करणाऱ्याला दोन-तीन गोष्टी कळल्या तरी पुरे. साधं कार्बन पोलाद चटकन धार घेतं, पण गंजतं. गंजरोधक पोलादात क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं. स्वीडनच्या सँडविक कंपनीने विकसित केलेल्या ‘१२सी२७’ पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम आहे. कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५६ ते ५८ च्या घरात पाणी दिलेलं असं पातं सहाणेवर सहज लागतं. ‘एस३०व्ही’सारख्या महाग पोलादात व्हॅनेडियमचे अतिशय कठीण कण असतात. त्याची धार खूप टिकते, पण गेली की साधी सहाण हार मानते आणि हिऱ्याची पाटी शोधावी लागते. आठवडाभराच्या भटकंतीत ज्याची धार तिथेच परत आणता येते, ते पोलाद चांगलं. पुक्को आणि मोराच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी रुंद, सपाट उतार असतो. तो सहाणेवर सपाट टेकवला की कोन आपोआप सांभाळला जातो. नवशिक्यालाही धार लावता येते.

म्यानाचा विचार बहुतेक जण शेवटी करतात. चामडं सुंदर दिसतं, पण ओल धरतं. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात चामड्याच्या म्यानात चार दिवस राहिलेलं कार्बन पोलाद तांबडं पडतंच. प्लास्टिकचं म्यान हलकं असतं, धुता येतं आणि तळाला भोक असेल तर पाणी निथळतं. सुरी उलटी धरून झटकली तरी म्यानातून पडता कामा नये.

आपल्या डोंगरांत

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. त्यामुळे मराठी वाचकाला ही सुरी लागणार ती पदभ्रमणासाठी, किंवा परदेशात राहून तिथल्या परवान्याने शिकार करत असेल तर त्यासाठी. याच कायद्याचं ३१ वं कलम अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास मनाई करतं. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, वासोटा या आपल्या लाडक्या वाटा अभयारण्यांतूनच जातात. तिथे वनखात्याच्या चौकीवर सुरी आधी दाखवावी आणि नको म्हटलं तर ठेवून जावी. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती यांसाठीची अवजारं त्यातून वगळली आहेत. चार इंचांची सुरी या मापात बसत नाही, पण म्हणून ती बाजारात कमरेला लटकवून हिंडू नये. पुक्कोच्या फिनलंडमध्ये आणि मोराच्या स्वीडनमध्येसुद्धा सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगायला रास्त कारण लागतं. विमानात ती फक्त चेक-इन सामानातच जाते.

तेव्हा घेणाऱ्याने एवढंच पाहावं: पातं नऊ ते अकरा सेंटिमीटर, जाडी अडीच-तीन मिलिमीटर, आडवी दांडी नसलेली आणि ओल्या हातातही न निसटणारी मूठ, पावसाळी मुलखासाठी गंजरोधक पोलाद, म्यानासकट वजन दीडशे ग्रॅमच्या आत. उरलेले पैसे चांगल्या सहाणेवर खर्च करावेत आणि सुरी विकत घेतल्यावर, डोंगरात जाण्याआधी, तिला धार लावायला शिकावं. बोथट सुरी कितीही हलकी असली तरी ते निव्वळ ओझंच.