अख्ख्या पानाचा हिशेब

अमेरिकेत घरच्या घरी सिगारेटची तंबाखू तयार करणाऱ्यांना टपालाने जे पुडकं येतं, त्यात कातरलेली तंबाखू नसते. असतं ते वाळवलेलं अख्खं पान, मधल्या जाड शिरेसकट, एकावर एक रचून पौंडाच्या हिशेबाने बांधलेलं. घेणाऱ्याने ते ओलसर करायचं, शीर काढायची, तीन-चार जातींची पानं आपल्याला रुचेल त्या प्रमाणात एकत्र करायची, बारीक कातरायची, काही आठवडे मुरू द्यायची आणि मग कागदात वळायची. याकडे हौस म्हणून पाहिलं जातं, आणि हौस त्यात आहेच. घरी पाव भाजणारे, बिअर बनवणारे यांच्या पंगतीत ही मंडळी स्वतःला बसवतात आणि आपल्या तंबाखूत ‘पानाशिवाय काही नाही’ असं अभिमानाने सांगतात. पण पान अख्खंच का येतं, याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळत नाही. ते अमेरिकेच्या करसंहितेत आहे. या कलेला तिथे जे नवं बळ आलं त्यात करांच्या दरांचा वाटा जिभेपेक्षा मोठा आहे, आणि तिच्या शुद्धतेच्या दाव्याकडे पाहतानाही हे विसरून चालत नाही.

१ एप्रिल २००९ रोजी मुलांच्या आरोग्य विम्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारने तंबाखूवरचे कर वाढवले. वीस सिगारेटींच्या पाकिटावरचा कर ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंटवर गेला. हाताने वळायच्या सुट्या तंबाखूवर पौंडाला सुमारे १.१० डॉलर कर होता, तो एका रात्रीत २४.७८ डॉलर झाला. आकडा अवाढव्य वाटतो, पण त्यामागे सरळ गणित आहे: एका पौंडात ४९२ सिगारेटी वळल्या जातात असं धरलं, की हा कर तयार सिगारेटीवरच्या कराशी बरोबर जुळतो. घोळ झाला तो पाइपच्या तंबाखूपाशी. तिचा दर वाढवून फक्त २.८३ डॉलर केला गेला. मग काय व्हायचं ते झालं. कालपर्यंत वळायची म्हणून विकली जाणारी तंबाखू ‘पाइपची’ असं लेबल लावून त्याच फळीवर आली. काही दुकानांनी मोठी यंत्रं बसवली. गिऱ्हाइकाने ही ‘पाइपची’ तंबाखू यंत्रात ओतायची आणि काही मिनिटांत सिगारेटी घेऊन बाहेर पडायचं. २०१२ मध्ये कायद्याने अशा दुकानदारांना सिगारेट उत्पादकच ठरवलं आणि तो दरवाजा बंद केला. पानाचा दरवाजा मात्र उघडाच राहिला. अमेरिकेचा केंद्रीय कर बसतो तो तयार मालावर. शीर काढणं, आंबवणं, कातरणं, वास लावणं या सगळ्या कायद्याच्या दृष्टीने प्रक्रिया आहेत आणि त्यांना परवाना लागतो. ओढण्यासाठी कातरून विकलं की कर लागतो. नुसतं वाळवून बांधलेलं पान मात्र शेतमालच. शिवाय केवळ स्वतःच्या वापरासाठी सिगारेट बनवणाऱ्याला कायदा उत्पादक मानत नाही. त्यामुळे कारखान्याने करायचं सगळं काम गिऱ्हाइकाच्या ओट्यावर गेलं, आणि ती शीर काढण्याची मेहनत गिऱ्हाईक पानाच्या भावाबरोबरच विकत घेतं.

ती मेहनत हलकी नाही. कोरडं पान हातात घेतलं की त्याचा भुगा होतो. त्यावर पाण्याचा हलका फवारा मारून ते पिशवीत काही तास सादळू द्यावं लागतं. सादळलेलं पान कातड्यासारखं लवचिक होतं, घडी घातली तरी मोडत नाही. मग पानाचं टोक धरून शीर देठाकडे ओढत सोलून काढायची. पानाच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा असा बाजूला पडतो. ओल कमी झाली तर कातरताना धूळ होते, जास्त झाली तर पातीला गोळे चिकटतात आणि साठवणीत बुरशी धरते. नेमकी ओल मोजायचं साधन बहुतेकांकडे नसतं. मुठीत दाबून सोडली की तंबाखू हळूहळू उलगडली पाहिजे, एवढीच खूण. उलगडलीच नाही तर ओली, चटकन उसळली आणि बोटांवर कण राहिले तर कोरडी.

खरी कसोटी मात्र मिश्रणात आहे, आणि तिथे पानाचं रसायन फार हट्टी आहे. व्हर्जिनिया जातीचं पान बंद कोठीत उष्णता वाढवत साधारण आठवडाभरात वाळवतात. सुरुवातीच्या ऊबेत पानातल्या पिष्टाची साखर होते, आणि ती साखर खर्ची पडायच्या आत पान कोरडं केलं जातं. म्हणून ते पिवळं, गोड आणि धुराला आम्लपणा आणणारं. बर्लीचं पान उघड्या कोठारात टांगून सहा-आठ आठवडे वाऱ्यावर वाळतं. तेवढ्या वेळात ते स्वतःची साखर स्वतःच संपवतं. उरतं ते तपकिरी, सच्छिद्र, जास्त निकोटिनचं पान. त्याचा धूर अल्कलीकडे झुकतो आणि घशाला झोंबतो. तिसरं ओरिएंटल, तुर्कस्तान आणि ग्रीसकडचं, उन्हात वाळवलेलं, तळहाताएवढं, सौम्य पण सुवासिक. हे रसायन मराठी वाचकाला परकं नाही. तळहातावर तंबाखू मळताना तिच्यात चुना घालतात तो चवीपुरता नसतो. चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या अस्तरातून लवकर शोषलं जातं. बर्लीचं प्रमाण वाढवलं की घसा धरतो तो याच कारणाने, आणि व्हर्जिनियाचं वाढवलं की धूर छातीत सहज उतरतो, पण फिका लागतो. निम्मं व्हर्जिनिया, तिसरा हिस्सा बर्ली आणि उरलेलं ओरिएंटल अशा काही प्रमाणापासून बहुतेक जण सुरुवात करतात आणि मग चिमटीचिमटीने इकडेतिकडे सरकतात. कातरल्याबरोबर ओढून पाहिलं तर तिन्ही पानं वेगवेगळी लागतात. बंद बरणीत काही आठवडे गेले की त्यांची ओल आणि वास एकमेकांत मुरतात.

या प्रमाणाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पिवळ्या व्हर्जिनियाचं श्रेय उत्तर कॅरोलिनातल्या कॅसवेल काउंटीत स्लेड यांच्या शेतावरच्या स्टीफन नावाच्या गुलामाला दिलं जातं. १८३९ मध्ये विझत आलेल्या आगीवर त्याने कोळसा टाकला आणि पान सोनेरी निघालं, अशी कथा आहे. पांढरी बर्ली १८६४ मध्ये ओहायोत रुजली. जेम्स बॉनसॅकच्या यंत्राने १८८०च्या दशकात दिवसाला लाखाहून जास्त सिगारेटी वळायला सुरुवात केली, जे काम हाताने करायला चाळीस माणसं लागली असती. १९१३ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीने ‘कॅमल’ आणली आणि व्हर्जिनिया, बर्ली, ओरिएंटल हे त्रिकूट अमेरिकी चव म्हणून रूढ झालं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कारखाने शिरा आणि धूळ यांचा लगदा करून त्याचा कागदासारखा तक्ता बनवू लागले आणि तोही कातरून मिसळू लागले. म्हणजे घरचा मिसळणारा जी शीर फेकतो, तिचाही कारखाना धूर करतो.

इथूनच शुद्धतेचा दावा सुरू होतो, आणि त्याला काही आधार आहे हे मान्य केलं पाहिजे. घरच्या मिश्रणात लगद्याचा तक्ता नसतो, ओल धरून ठेवणारी रसायनं नसतात. पण ‘म्हणून ते कमी घातक’ ही उडी पानालाच मान्य नाही. तंबाखूतली सर्वांत कुप्रसिद्ध कर्करोगकारक द्रव्यं, म्हणजे नायट्रोसामिनं, कारखान्यात घातली जात नाहीत. ती पान वाळताना तयार होतात. बर्ली कोठारात टांगलेली असताना पानातल्या नायट्रेटवर सूक्ष्मजीव काम करतात आणि त्यातून ती बनतात. व्हर्जिनियाच्या कोठ्यांत गॅसचा धूर थेट पानांवर सोडला जायचा तेव्हा तिथेही ती बनत. २०००च्या सुमारास अमेरिकेत उष्णता देणारी पण धूर बाहेर सोडणारी यंत्रणा बसवली गेली तेव्हा ती घटली. सुधारणा झाली ती शेतकऱ्याच्या कोठीत, ओढणाऱ्याच्या ओट्यावर नव्हे. आणि बाकी सगळं, डांबर, कार्बन मोनॉक्साइड, जळत्या साखरेतून निघणारं ॲसिटाल्डिहाइड, हे तर पान पेटवल्यावर होतं. त्याला काही मिसळावं लागत नाही. गंमत अशी की ‘पानाशिवाय काही नाही’ म्हणणारेच बर्लीचा झोंबरेपणा मारायला तिच्यावर मधाचं नाहीतर साखरेचं पाणी शिंपडतात आणि भट्टीत मंद आचेवर शेकतात. कारखाना हेच करतो, मोठ्या पिंपात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘नॅचरल अमेरिकन स्पिरिट’ या सिगारेटच्या उत्पादकाला ‘नैसर्गिक’ आणि ‘मिसळ नसलेली’ या शब्दांबद्दल इशारा दिला, आणि २०१७ मध्ये ब्रँडच्या नावाचा अपवाद सोडून ते शब्द काढायचं ठरलं. घरच्या बरणीला असा इशारा देणारं कोणी नाही, एवढाच फरक.

यावर एक वाजवी आक्षेप येतो. हे लोक मूठभर आहेत, स्वतःसाठीच करतात, आणि तास तास खपून वळलेली सिगारेट माणूस कमीच ओढेल. त्यांना कशाला धारेवर धरायचं? मेहनतीमुळे वेग कमी होतो हे काही जणांच्या बाबतीत खरं असू शकेल. पण पान एकदा कातरून बरणीत भरलं की मेहनत संपते आणि बरणी महिनाभर पुरते. मग अडवणारं उरतं ते फक्त किमतीचं कुंपण, आणि तेच इथे पाडलेलं असतं. सधन देशांत सिगारेटची किंमत दहा टक्क्यांनी वाढली की खप सुमारे चार टक्क्यांनी घटतो, हा निष्कर्ष अनेक अभ्यासांतून पक्का झालेला आहे. कर वाढला तेव्हा सोडण्याऐवजी पानाकडे वळलेल्या माणसाला तो कर कधी लागलाच नाही. त्याच्या कारागिरीचं कौतुक करताना, ही कारागिरी त्याला तंबाखूपाशी थांबवून ठेवते हेही त्याच दमात बोललं पाहिजे. माझा आक्षेप हौशीवर नाही, ‘पाइप’ आणि ‘वळायची’ यांच्यात नऊपट अंतर ठेवणाऱ्या कायद्यावर आहे. ते अंतर २००९ पासून तसंच आहे.

मग पानावरच कर लावावा, हा सोपा उपाय का होत नाही? त्याचा अनुभव आपल्याकडे आहे. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने इथे कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि तो १९७९ पर्यंत चालला. निपाणीच्या पट्ट्यात पान शेतातून निघून वखारीत जाईपर्यंत सरकारी नोंदींतून जायचं. शेतकरी शेतकरीही राहिला आणि अबकारी खात्याच्या नजरेतला संशयितही झाला. शेतोशेती निरीक्षक ठेवण्याचा खर्च आणि जाच एवढा, की शेवटी तो कर काढून तयार मालावर नेण्यात आला. त्याने शेतकऱ्याचे दिवस पालटले असं नाही. भाव व्यापाऱ्यांच्याच हाती राहिला आणि १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी मेले. आणि मिश्रणाचं काय? बिडीच्या धंद्यात ते कारखान्यातच राहिलं. सोलापूर-सिन्नरच्या बायकांच्या घरी येतो तो मिसळून तयार झालेला जर्दा आणि मोजून दिलेला तेंदूचा पत्ता. वळायचं काम घरी, प्रमाणाचं गुपित मालकाकडे. अमेरिकी हौशी माणूस स्वयंपाकघरात जे करतो, नेमकं तेच इथे घरी बसून रोज तंबाखू हाताळणाऱ्या बाईच्या हाती कधी दिलं गेलं नाही.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे २०१७ पासून कच्ची तंबाखू महसूल खात्याच्या मंजुरीशिवाय जवळ बाळगताच येत नाही. निरीक्षक शेतात पाठवण्याऐवजी बाळगणाऱ्यालाच दारात अडवलं. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय तंबाखू पिकवणं हाच गुन्हा आहे. अमेरिकेत तसं होणं अवघड दिसतं, कारण तंबाखू पिकवणाऱ्या राज्यांत पान अजून शेतमाल आहे, जरी २००४ मध्ये कोटा आणि हमीभावाची व्यवस्था मोडल्यावर बरेच छोटे शेतकरी या पिकातून बाहेर पडले आणि उरलेले बहुतांश कंपन्यांच्या करारावर पिकवतात. पुडकी पाठवणाऱ्याला त्यामुळे मिळेल ते पान विकावं लागतं, आणि तिथेच घरच्या कलेची सर्वांत मोठी अडचण उभी राहते. झाडाच्या शेंड्याकडच्या पानात बुडाच्या पानापेक्षा निकोटिन बरंच जास्त असतं. पावसाचं साल आणि कोरडं साल यांतही फरक पडतो. कारखाना अनेक हंगामांचं, अनेक गावांचं पान साठवून, प्रयोगशाळेत तपासून सरासरी कायम ठेवतो. घरी बरणीवर ‘बर्ली’ एवढंच लिहिलेलं असतं. तेच प्रमाण, तीच कातर, तीच मुरवण, आणि तरी नव्या पुडक्यातली सिगारेट दीडपट तेज निघू शकते. किती तेज, हे कळायचं एकच साधन घरात असतं, आणि ते म्हणजे ओढणाऱ्याचं डोकं गरगरायला लागणं.